नगरसभेच्या नावे आमचे येणे

संघाच्या स्मरणिकेत आजवर आम्ही तीन-चार वेळा लिहिले. ते सर्व ज्वारीची आवक, तुरीचे भाव, नाही तर साठवणीच्या धान्यास कीड लागू नये म्हणून घ्यावयाची काळजी, याविषयी होते. यंदा संपादक मंडळाने विषय ठरवून दिला : नगरपालिकेच्या कारभाराविषयी नागरिकांचे मत काय? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात गेली ती पोत्यांच्या थप्प्यांत. तथापि या विषयावर मत नाही असा मनुष्य आमच्या पेठेत तरी आमच्या पाहण्यात नाही. सकाळी पेढीवर चहा आला की पहिला घोट बाजारभावाचा आणि दुसरा नगरसभेचा, असा परिपाठच आहे. ही मते पुढे जातात कोठे, एवढेच येथे लिहावे असे योजिले आहे.

गावाचे नाव मुद्दामच घालीत नाही. बेळगाव जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण, एवढे पुरे. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांस ते आपलेच गाव वाटेल, आणि तसे वाटले तर आमची हरकत नाही.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात या जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला तो कोणी विसरणार नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या तिन्ही नद्यांनी पात्रे सोडली. बेळगाव शहरात नाल्यांचे पाणी घरांत शिरले आणि विणकरांचे माग बुडाले. आमच्या गावी नदीचे पाणी आले नाही. आमच्याकडे आले ते गटाराचे. बाजार आवाराच्या मागील अंगाने एक गटार जाते, ते पुढे सरकारी रस्त्याखालच्या मोरीतून ओढ्यास मिळते. त्या रात्री मोरी तुंबली आणि पाणी मागे फिरून गोदामात शिरले. राखणदाराचा फोन आला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. विजापूरकडची मालदांडी ज्वारी थप्पीला लागलेली होती. खाली लाकडी फळ्या होत्या म्हणून वरचा माल बचावला. तळाचे दोन थर भिजले. भिजलेली ज्वारी दुसऱ्या दिवशी हाताला गरम लागते, तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, आणि मग कोंब दिसू लागतात. जनावरांना घालावी, असे हमालांनी सुचविले. पण गटाराचे पाणी लागलेले धान्य मुक्या प्राण्याच्या तोंडी देण्यास आमचे मन होईना. सारे पोत्यांसकट खड्ड्यात पुरले. पिकविलेले धान्य पुरण्याचा प्रसंग आमच्यावर त्यापूर्वी आला नव्हता.

चौथ्या दिवशी आम्ही वीस-पंचवीस व्यापारी मिळून नगरसभेत गेलो. पौरायुक्त वयाने तरुण आणि गावास नवखे. त्यांनी सर्वांस बसविले, चहा मागविला, आमचा सगळा राग ऐकून घेतला आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "अण्णा, या गटाराविषयी आपण पूर्वी कधी कळविले होते? तारीख आणि पोच दाखवा, म्हणजे मला खालच्या लोकांस जाब विचारता येईल."

"साहेब, दरसाल सांगतो!" मागून एकजण म्हणाले.

"कोणाला?"

एकाने मुकादमास सांगितले होते. दुसऱ्याने नगरसेवकास लग्नाच्या पंगतीत गाठले होते. तिसरे म्हणाले की, ही गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे. पाव पोते हरभरा उधार देताना मिती घालून नावे टाकणारी माणसे आम्ही. दिवाळीस वहीपूजन केल्याखेरीज नवी ओळ न लिहिणारी. आणि ज्या गटाराची धास्ती आम्ही प्रत्येक पावसाळ्यात घेतली, त्याविषयी आम्हां सर्वांच्या दप्तरांत मिळून एक ओळ नव्हती. नगरसभेकडे आमचे येणे आहे असे गावभर सांगत होतो. परंतु ते कोठे मांडलेलेच नव्हते.

प्रश्न बिनतोड होता, म्हणून विचारणारे निर्दोष ठरत नाहीत, हेही येथेच लिहून टाकतो. पावसाळ्यापूर्वी गटारे उपसणे यासाठी कोणी अर्ज करावा लागत नाही. कर्नाटकाचा १९६४ चा नगरपालिका कायदा गटारे, रस्ते, दिवाबत्ती ही नगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये मानतो. शिवाय त्या भेटीत आणखी एक गोष्ट उघड झाली. आवारातील गटार बाजार समितीचे, आवाराबाहेरचे नगरसभेचे, आणि रस्त्याखालची मोरी सार्वजनिक बांधकाम खात्याची. पाणी एकच, धनी तीन. जेथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, नेमका तेथेच गाळ साचतो.

नगरसेवकांकडे गेलो तर तेथील तऱ्हा आणखी निराळी. निवडणूक २०१८ साली होऊन गेलेली, माणसे निवडून आलेली. पण अध्यक्ष-उपाध्यक्षपदांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्यामुळे राज्यातील कितीतरी नगरसभांप्रमाणे आमच्याही नगरसभेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. ती कोंडी २०२० सालच्या अखेरीस सुटली. आमचे नगरसेवक गृहस्थ भले. ते म्हणाले, "अण्णा, मला मत दिलेत त्याबद्दल ऋणी आहे, पण अजून मी सभागृहात बसलेलो नाही." १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस पाच वर्षांची मुदत दिली आणि बरखास्त झाल्यास सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेण्याचे बंधन घातले, निवडून आलेल्यांस खुर्ची किती दिवसांत मिळावी, याचा विचार मात्र राहून गेला असावा.

येथे थोडे मागे जाण्याची परवानगी घेतो. आम्ही १९७६ साली मॅट्रिक झालो आणि वडिलांनी दुसऱ्याच आठवड्यात जकात नाक्यावर उभे केले. त्या काळी गावात येणाऱ्या प्रत्येक मालावर नगरपालिकेची जकात असे. विजापूर-सोलापुराकडून ट्रक आला की नाकेदार पोत्यात सळई खुपसून माल पाही, पोती मोजी, पावती फाडी, मग आडवा बांबू वर जाई. नाक्यावर काय काय चाले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांस ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिले नाहीत ते सुखी आहेत. रात्रीचा ट्रक सकाळपर्यंत अडकून पडे. १९७९ साली कर्नाटक सरकारने जकात उठविली तेव्हा पेठेत पेढे वाटले गेले, आणि ते आम्हीही खाल्ले.

पण नाक्यावरून घरी येताना वडिलांच्या खिशात रोज नगरपालिकेची पावती असे. त्या पावतीवरचा आकडा त्यांस पाठ असे. रस्त्यावरचा दिवा दोन रात्री लागला नाही की ते नगराध्यक्षांस भर रस्त्यात थांबवून म्हणत, "आमच्या एवढ्या जकातीत तुमचा एक दिवा बसत नाही काय?" जकात गेली आणि तिच्या बदल्यात सरकारी अनुदान आले. तेव्हापासून आमचा पैसा आधी बंगळुरास जातो आणि तेथून वळून, काही तरी होऊन, परत येतो. आज दिव्याविषयी विचारावे तर उत्तर मिळते की, अनुदान आले नाही. व्यापाऱ्याची सुटका झाली ती चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्याच दिवशी त्याचा विचारण्याचा हक्कही पातळ झाला, असे आम्हांस वाटते. घरपट्टी आहे, परंतु ती आम्ही एप्रिलमध्ये पाच टक्के सूट मिळविण्याच्या घाईत भरतो आणि वर्षभर विसरतो.

अशी विसरण्याची खोड जुनीच आहे. मुंबई इलाख्यात १८५० च्या कायद्याने नगरपालिका निघू लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली तरच ती स्थापन व्हावी अशी तरतूद होती. पुढे १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला तो लोकांस कारभाराचे शिक्षण मिळावे म्हणून. म्हणजे मागणे हे आमचे काम, हे दीडशे वर्षांपूर्वीच ठरले होते.

असो. नगरसभेतून परत आल्यावर संघाच्या कार्यालयात बैठक झाली. एक वही घालावी असे ठरले. सहा रकाने : तारीख, ठिकाण, तक्रार, कोणाची हद्द, पोच क्रमांक, उत्तर आल्याची तारीख. तक्रार कानडीत आणि मराठीत, दोन्हींत लिहावी असाही ठराव झाला. भाषेच्या वादाविषयी सीमाभागात आम्हांस नव्याने सांगावयाचे काही नाही. पण गटारास दोन्ही भाषा सारख्याच कळत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

पहिली नोंद अर्थात त्याच गटाराची. पोच मिळाली, आठवड्याने नगरसभेची माणसे आली आणि उपसा सुरू झाला. आम्ही समोर उभे होतो. गटारातून निघाले ते असे : सुतळीचे गुंडाळे, फाटक्या पोत्यांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि दुकानादुकानांतून रोज झाडून टाकलेला भुसा, कुजून काळा झालेला. सगळा आमच्याच पेठेचा माल. उपसणारे पुढे सरकत आमच्या पेढीपाशी आले आणि थांबले. पेढीची पायरी आणि तिच्यापुढची मोठी फरशी गटारावर टाकलेली होती. खाली फावडे जाईना. ती फरशी आमच्या वडिलांनी १९८२ साली, पोती उतरविण्यास सोय म्हणून बसविली. तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती, याचा कागद आमच्या दप्तरात नाही. गटाराचा सर्वांत अरुंद भाग तोच निघाला.

मुकादमाने आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. सगळी पेठ मात्र पाहत होती, आणि नगरसभेत सर्वांच्या वतीने बोललो होतो ते आम्हीच. पायरी फोडताना वडिलांची आठवण झाली, हे कबूल करतो. त्यांच्या हातची ती पायरी होती. दोन दिवस माल उतरविण्याचे हाल झाले, मग लोखंडी जाळी बसविली. ती उचलता येते. त्यानंतर त्या ओळीतील इतर फरशाही निघाल्या. दोन राहिल्या आहेत. त्यांचे धनी संघाचे सभासद असून हा लेख वाचतील.

वही सुरू झाल्यावर एक मौज दिसून आली. नगरसभेवर तासन् तास बोलणारे गृहस्थ वहीसमोर बसले की गप्प होत. "काहीच काम होत नाही" हे वाक्य कोणत्या रकान्यात लिहावे? ठिकाण विचारले की आठवेना, तारीख विचारली की अंदाजे. कितीतरी तक्रारी लेखणी उघडताच विरून गेल्या. ज्या टिकल्या त्यांपैकी दिव्यांच्या लवकर मिटल्या, कारण दिव्यांचे काम एका माणसाकडे असते आणि त्याचे नाव सर्वांस माहीत असते. हद्दीच्या तक्रारी मिटल्या नाहीत.

लोकांच्या मतास अशी मांडणी दिली की त्यास वजन येते, हे आमच्याच राज्यात पूर्वी सिद्ध झालेले आहे. आम्हांस मात्र ते उशिरा कळले. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे एके काळचे संचालक सॅम्युएल पॉल यांनी १९९४ साली बंगळुरात नागरिकांस घरोघर विचारून तेथील सार्वजनिक सेवांचे एक प्रगतिपुस्तकच प्रसिद्ध केले. शाळेत मुलांस गुण देतात तसे पाणी, वीज, महापालिका, टेलिफोन अशा एकेका खात्यास नागरिकांनी गुण दिले. शहराच्या विकास प्राधिकरणाविषयी समाधानी असलेले शंभरात अवघे एक निघाले. वर्तमानपत्रांनी ते छापले. १९९९ साली पुन्हा तीच पाहणी झाली, २००३ साली तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्या खेपेस बऱ्याच खात्यांचे गुण चांगले वाढलेले दिसले. ओरडा शहरात आधीही होता. फरक एवढाच की तो मोजला गेला, आणि तीन वेळा मोजला गेला.

सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट चांगली झाली आहे. कर्नाटकात एप्रिल २०१२ पासून 'सकाल' योजना आली. दाखला, परवाना यांसाठी अर्ज केला की क्रमांक मिळतो आणि किती दिवसांत काम होईल ते ठरलेले असते. उशीर झाल्यास दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अर्जदारास भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे; पण मुदतीची हुंडी हातात असल्यासारखे वाटते. आमच्या पुतण्याचा परवाना मुदतीत मिळाला. गटाराची मुदत मात्र 'सकाल'मध्ये बसत नाही.

वहीच्या पहिल्या वर्षात पाण्याविषयी एकही नोंद नव्हती, याकडे आमचे लक्ष गेले नाही. ते एका वृद्ध बाईने वेधले. आवारात सांडलेले धान्य वेचून, पाखडून ती पोट भरते. राहते खालच्या गल्लीत. एके दिवशी कार्यालयाच्या दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, वहीत आमचं पण लिवा की. नळाला घाण पाणी येतंय." आम्ही सभासदांकडे कूपनलिका आहेत, नगरसभेच्या नळाची वाट आमच्यापैकी फारसे कोणी पाहत नाही. खालच्या गल्लीस पाणी काही दिवसांआड येते. बैठकीत वाद झाला : वही सभासदांची आहे, उद्या साऱ्या गावाच्या तक्रारी येतील. अखेर सभासदाच्या नावाने लिहावी अशी पळवाट निघाली, आणि ती नोंद आमच्या नावाने झाली. नागरिकांचे मत म्हणून आम्ही जे सांगत होतो ते कूपनलिकावाल्यांचे मत होते, हे त्या दिवशी ध्यानात आले.

आमच्या मातोश्री नळास पांढरे फडके बांधून पाणी गाळीत. जैनाच्या घरी याचे नवल नाही. फडके उतरवून त्या उजेडात धरीत आणि गावच्या पाण्याची स्थिती सांगत. नळ चोवीस तास भरलेला असला तर त्यातील दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आणि जेथे ती फुटकी असते तेथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढून घेते. म्हणून पाणी सुटताच पहिली काही मिनिटे ते गढूळ आणि वासाचे येते. फडक्याने गाळ अडतो, रोगाचे जंतू अडत नाहीत. ते पाणी उकळूनच प्रासुक करावे लागते. आणि खालच्या गल्लीत रोज हंडाभर पाणी उकळण्याइतके सरपण कोणाकडे आहे?

आमची धाकटी बहीण इंदुरास दिलेली आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिले आलेले ते शहर. ओला कचरा निराळा, सुका निराळा, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. आम्ही तेथे जाऊन थक्क झालो होतो. त्याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. पाण्यास वास येतो अशी तक्रार रहिवाशांनी त्याआधी केली होती, असे वर्तमानपत्रांत आले. बहिणीचे घर त्या वस्तीपासून दूर आहे. तरीही ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. त्या दिवसापासून आम्ही वही आठवड्यातून एकदा स्वतः वाचतो.

खालच्या गल्लीच्या नोंदीसोबत आम्ही काचेच्या बाटलीत ते पाणी भरून नगरसभेत नेले आणि टेबलावर ठेवले. पोच लगेच मिळाली. खोदून पाहता एका घराची जोडनळी गटारातूनच गेलेली आणि सांध्यावर गंजून फुटलेली सापडली. ती बदलली. बाई आता कार्यालयात येते आणि वहीतील आपली ओळ दाखवा म्हणते. तिला वाचता येत नाही, पण शेवटचा रकाना भरलेला आहे की नाही ते ती बोट ठेवून पाहते.

रस्त्याखालच्या मोरीची नोंद मात्र तशीच आहे. मोरी रुंद करावी यासाठी तीन कार्यालयांस पत्रे गेली, तिन्हींची पोच आहे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून विचारले तेव्हा उत्तर आले की, प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविला आहे. कोणत्या तारखेस पाठविला, असे पुन्हा दहा रुपये भरून विचारले आहे. वही संघाच्या कार्यालयात दिवाणजींकडे असते. सकाळी दहा ते दुपारी एक वाजेपर्यंत कोणीही येऊन लिहावे. सभासद नसलेल्यांनीही यावे. नाव आमचे घालू.